डॅलसच्या तळ्याकाठी बास गरवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं, त्यामुळे माशांच्या बाबतीत लोक मला उगाचच जाणकार समजतात. मार्च उजाडला की फोन सुरू होतात: “आमच्या घरामागच्या तळ्यावर पोरं काठ्या घेऊन उभी असतात, आम्हालाही जमेल का?” तेच प्रश्न दहादा ऐकल्यावर उत्तरं एकदाची लिहून काढली. सगळं टेक्ससच्या गोड्या पाण्याबद्दल आणि काठावर उभं राहून गरवण्याबद्दल, म्हणजे गळाने मासे पकडण्याबद्दल आहे. ज्यांच्याकडे बोट आहे त्यांना माझी गरज नाही.

बास म्हणजे आपल्याकडचा कुठला मासा?

आपल्याकडचा कुठलाच नाही. इथे नुसतं ‘बास’ म्हटलं की बहुतेक वेळा लार्जमाउथ बास समजायचा: हिरवट अंग, कुशीवर तुटक काळा पट्टा, आणि तोंड मिटलेलं असतानाही डोळ्याच्या मागे जाणारा जबडा. नाव बास असलं तरी समुद्रातल्या बासांशी त्याचं नातं नाही. तो सनफिशच्या कुळातला, म्हणजे पोरं पावाचा तुकडा लावून पकडतात त्या तळहाताएवढ्या ब्लूगिलचा थोरला भाऊ. हा थोरला धाकट्यांना खातो. स्वभाव विचाराल तर आपल्या मरळीसारखा: आडोशाला दबा धरायचा, समोरून काही गेलं की एका झेपेत गिळायचं, आणि परत जागेवर.

गांडूळ लावून मिळत नाही का? खोटं आमिष कशाला?

मिळतो. पण बासच्या आधी दहा ब्लूगिल येऊन गांडूळ कुरतडून जातात, आणि बास आलाच तर खरं खाणं तो थेट पोटात उतरवतो. मग गळ काढताना त्याचे आणि तुमचे दोघांचेही हाल. खोटं आमिष तो तोंडात घेतो, ‘हे काहीतरी भलतंच’ म्हणून थुंकायला लागतो, तेवढ्यात झटका दिला की गळ ओठात बसतो. शिवाय गांडूळ एका जागी टांगून वाट बघावी लागते, ल्युअरने, म्हणजे खोट्या आमिषाने, अख्खा काठ चाळता येतो.

प्लास्टिकचं गांडूळ तसं जुनं आहे. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ मध्ये ते बनवलं आणि पुढे त्याचा धंदा टेक्ससमधल्या टायलरला आला. टायलर माझ्या घरापासून दीड-दोन तासांवर आहे. त्या रस्त्याने जाताना मला दर वेळी वाटतं, की या माणसाने खऱ्या गांडुळांवर मोठेच उपकार केले.

परवाना लागतो का?

लागतो. सतरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. परवाना टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ या सरकारी खात्याकडून ऑनलाइन काढता येतो. नेहमीचा वार्षिक परवाना १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट चालतो, तेव्हा जुलैमध्ये तो उत्साहाने काढू नका. भारतातून आई-बाबा आले असतील आणि बाबांना एक दिवस काठी धरायची असेल, तर बाहेरच्यांसाठी एका दिवसाचा परवाना मिळतो. त्याहून सोपं म्हणजे त्यांना स्टेट पार्कात घेऊन जा. तिथे काठावरून किंवा धक्क्यावरून गरवायला परवानाच लागत नाही.

घरामागचं तळं सोसायटीच्या मालकीचं असेल तर आधी त्यांचे नियम वाचा. मी वाचले नव्हते. एका सकाळी दोन शेजाऱ्यांनी मिळून मला ते वाचून दाखवले.

आकाराचे नियमही आहेत. टेक्ससमध्ये सर्वसाधारणपणे १४ इंचांखालचा लार्जमाउथ ठेवता येत नाही आणि दिवसाला ५ पेक्षा जास्त नाहीत. पण तलावागणिक अपवाद असतात: लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास सोडूनच द्यावा लागतो. जिथे जाल तिथला नियम आदल्या रात्री पाहून ठेवा.

पहिली काठी आणि रीळ कोणतं घेऊ?

सात फुटांची, मध्यम ताकदीची, शेंडा चटकन वाकणारी स्पिनिंग काठी आणि तिला २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ. एवढ्यावर दोन वर्षं सुखाने जातात.

यूट्यूबवरचे सगळे लोक बेटकास्टर (काठीच्या वर बसणारं आडवं रीळ) वापरतात म्हणून तोच पाहिजे, असं म्हणणाऱ्यांना माझा सल्ला: घ्या, पण दुसरं रीळ म्हणून. बेटकास्टरमध्ये फेकताना स्पूल, म्हणजे दोर गुंडाळलेली चकरी, स्वतः फिरतो. आमिष हवेत मंदावलं आणि स्पूल मंदावला नाही, की आतमध्ये सुगरणीचं घरटं तयार होतं. ते सोडवण्यात माझी एक अख्खी रविवारची सकाळ गेली आहे. घेतलाच तर आधी ब्रेक पूर्ण आवळा, बाजूची ताणाची खुंटी इतकी घट्ट करा की बटण दाबल्यावर आमिष सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. मग अंगणात गळाशिवाय नुसतं वजन बांधून फेकायचा सराव करा. आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठा स्पूलवर हवा. हे सगळं अंगठ्याचं काम आहे, रिळाच्या किमतीचं नाही.

दोर कोणता? नायलॉन, फ्लोरोकार्बन की ब्रेड?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या मते विचारायलाही हवा असा. लोक दोनशे डॉलरची काठी घेतात आणि दुकानातल्या सगळ्यात स्वस्त दोराने ती वापरतात. मासा आणि तुम्ही यांच्यामध्ये दोराशिवाय दुसरं काहीच नसतं. मासा काय म्हणतो ते त्यातूनच कळायचं.

नायलॉन म्हणजे आपला तंगूस. कोकणात लाकडाच्या फळीवर गुंडाळलेला असायचा तोच. मऊ, स्वस्त, गाठ चांगली धरणारा, आणि ताणला की रबरासारखा लांबणारा. हा लांबण्याचा गुण कधी कामाचा, कधी नडणारा. क्रँकबेटसारख्या तीन टोकांच्या गळाच्या आमिषावर मासा जोरात वळला तर तंगूस धक्का पचवतो आणि गळ तोंडातून निसटत नाही. पण तळाशी पडलेल्या गांडुळावरची हलकी टकटक त्याच ताणात विरून जाते. तो पाणी शोषतो, उन्हाने कुजतो. ऑगस्टमध्ये टेक्ससच्या गाडीच्या डिकीत महिनाभर पडलेल्या तंगुसावर भरवसा ठेवू नका. हंगामाला एकदा बदला.

फ्लोरोकार्बन दिसायला तसाच, पण जड. तो बुडतो, पाण्यात कमी दिसतो, दगडांवर घासून लवकर झिजत नाही, आणि नायलॉनपेक्षा टोचणी चांगली पोचवतो. तळाशी सरपटणाऱ्या आमिषांसाठी उत्तम. मात्र पाण्यावर नाचणाऱ्या आमिषाला तो लावू नका, बुडता बुडता आमिषाचं नाकही खाली ओढतो. स्वभावाने ताठ आहे, स्पिनिंग रिळावरून वेटोळी होऊन उसळतो. गाठ कोरडी ओढलीत तर ती स्वतःच्याच उष्णतेने जळून कमकुवत होते.

ब्रेड म्हणजे पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंची वेणी. जवळजवळ अजिबात ताणत नाही, तरंगतो, आणि ताकदीच्या मानाने फारच बारीक: ३० पाउंडी (म्हणजे ३० पाउंडांचा ताण सोसणाऱ्या) ब्रेडची जाडी साधारण ८ पाउंडी नायलॉनएवढी. कमळाच्या पानांतून, हायड्रिला नावाच्या पाणवनस्पतीच्या जाळीतून मासा ओढायचा तर हाच. पण स्वच्छ पाण्यात तो ठळक दिसतो. गुळगुळीत स्पूलवर थेट गुंडाळला तर अख्खं वेटोळं गरगर फिरत राहतं, म्हणून खाली आधी थोडा नायलॉन घ्या.

माझी स्वतःची जोडणी: रिळावर १५ पाउंडी ब्रेड, पुढे सहा-सात फूट १० पाउंडी फ्लोरोकार्बन, मध्ये दुहेरी युनी गाठ. ब्रेडमुळे बोटाला कळतं, फ्लोरोकार्बनमुळे माशाला कळत नाही. एवढी उठाठेव नको असेल तर सरळ १० पाउंडी नायलॉन भरा आणि निघा, बास त्यावरही पुष्कळ निघालेत.

गाठ कोणती शिकू?

एकच शिकायची तर पालोमार. दोर दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवा. त्या दुहेरी दोराची साधी सैल गाठ मारा, गळ मध्ये लोंबकळू दे. आता टोकाला जो फासा उरलाय त्यातून अख्खा गळ काढून घ्या. थुंकी लावा, सावकाश ओढा, शेपूट कापा. तिन्ही दोरांना चालते. आमिषाला दोन-दोन तिहेरी गळ असतील तर त्यांना फाशातून काढणं जिकिरीचं होतं, तिथे युनी बांधा. नेहमीची क्लिंच गाठ ब्रेडवर घसरते, तेव्हा ब्रेडला ती नको.

दर पाच-सहा माशांनंतर शेवटचा हातभर दोर दोन बोटांत धरून ओढून पाहा. खरखरीत लागला तर कापा आणि नव्याने बांधा. या आळसापायी माझा एक मोठा मासा गेला. तो किती मोठा होता हे मी सांगत नाही, कारण कुणी विश्वास ठेवत नाही.

दुकानात भिंतभर ल्युअर टांगलेले असतात. घेऊ कोणते?

चार. पाचवं दिसलं तर डोळे मिटून काउंटरवर जा.

पहिलं, पाच इंचांचं जाड काडीसारखं मऊ प्लास्टिकचं गांडूळ. गॅरी यामामोतोने काढलेल्या सेंकोवरून सगळ्यांनी त्याच्या नकला केल्या. त्यात मीठ कालवलेलं असतं, त्यामुळे शिसं न लावताही ते बुडतं, आणि बुडताना दोन्ही टोकं अगदी बारीक थरथरतात. गळ बरोबर मध्यावर आडवा टोचायचा, याला इथे वॅकी म्हणतात, आणि दिसायलाही ते वेडगळच दिसतं. फेका आणि काहीही करू नका. खरोखर काहीही नाही. नवख्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हेच.

दुसरं, सहा-सात इंचांचं वळलेल्या शेपटीचं गांडूळ, टेक्सस रिगसाठी. त्याबद्दल खाली सविस्तर.

तिसरं, ३⁄८ औंसाचं पांढरं किंवा पिवळट हिरवं स्पिनरबेट. तारेच्या एका हाताला चमचम फिरणारी पाती, दुसऱ्या हाताला झालर लावलेला गळ. पाणी गढूळ असेल, वारा सुटला असेल, मासा कुठे आहे याचा पत्ता नसेल, तेव्हा हे फेकायचं आणि एका चालीत गुंडाळत आणायचं. फांद्यांतून सहसा अडकत नाही.

चौथं, पोकळ रबरी बेडूक. शेवाळाचा थर आला, कमळं पसरली, की बाकी सगळं निरुपयोगी आणि हा राजा.

क्रँकबेट नको का? हवं, पण वर्षभराने. पुढच्या प्लास्टिकच्या जिभेमुळे ते खोल सूर मारतं आणि दगडांवर आपटत, डुलत येतं. आपटून दिशा बदलली की त्याच क्षणी बास घेतो. पण काठावरून नवख्या हाताने फेकलेलं क्रँकबेट पहिल्या अर्ध्या तासात एखाद्या बुडालेल्या झाडाला अर्पण होतं, आणि ते गांडुळासारखं स्वस्त नसतं.

घरी आल्यावर मऊ प्लास्टिक आणि कडक ल्युअर एकाच डबीत टाकू नका. प्लास्टिक विरघळून चिकट लगदा होतो. गांडुळं त्यांच्या मूळ पिशवीतच राहू द्या.

टेक्सस रिग बांधायची कशी?

दोरावर आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं ओवा, निमुळतं टोक काठीकडे. ३⁄१६ औंस, म्हणजे पाचएक ग्रॅम, सुरुवातीला पुरे. मग रुंद पोटाचा, ३/० आकाराचा गळ बांधा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात समोरून खुपसा, अर्ध्या सेंटिमीटरवर बाजूने बाहेर काढा, गांडूळ नेढ्यापर्यंत वर सरकवा, गळ अर्धा फिरवा. आता गांडूळ सरळ लोंबकळू देऊन गळाचा बाक नेमका कुठे येतो ते बघा, आणि तिथेच टोक आत घाला. टोक कातडीच्या जरासंच आत राहिलं पाहिजे, म्हणजे शेवाळ अडकत नाही पण झटक्याने बाहेर येतं. गांडूळ बाकदार राहिलं तर ते पाण्यात गरगरतं आणि दोराला पीळ पडतो. काढून पुन्हा टोचा, लाज वाटून घेऊ नका.

मासा लागला हे कळतं कसं?

हा खरा प्रश्न. बाकी सगळं दुकानात मिळतं.

आमच्याकडे खाडीत जुनी माणसं काठी वापरत नसत. तंगूस फळीवरून सोडायचा, तर्जनीवरून घ्यायचा, आणि बसायचं. शेजारचे एक आजोबा मला दोर बोटावर देऊन डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, “आता काय लागतंय? चिखल की खडक?” मला वाटायचं हे थट्टा करतायत. टेक्ससमध्ये पहिल्या सहा फेऱ्यांत एकही बास मिळाला नाही, तेव्हा ते आठवलं. मी काठीच्या शेंड्याकडे बघत बसलो होतो. माहिती बोटावर येत होती.

बास चावत नाही, ओढून घेतो. तोंड एकदम उघडतो, समोरचं पाणी आणि त्याबरोबर आमिष आत खेचलं जातं. यात फारसा जोर नसतो. म्हणून तुम्हाला येते ती फक्त एक ‘टक’. कुणी दोराला नखाने टिचकी मारावी तशी. कधी तीही येत नाही. दोर बुडता बुडता मध्येच थांबतो, किंवा काही कारण नसताना आडवा सरकायला लागतो, किंवा आमिष उचलताना ओलं फडकं लटकल्यासारखं जड लागतं. यांपैकी काहीही झालं तर तो मासा समजा. नसला तर नसला, झटक्याला पैसे पडत नाहीत.

करायचं असं. फेकल्यावर दोर पूर्ण ताणू नका, पूर्ण सैलही सोडू नका. तर्जनीने रिळाच्या पुढे दोर हलकेच टेकवून धरा. आमिष तळाला गेलं की दोर एकदम निपचित पडतो, तो क्षण ओळखायला शिका. मग काठी हळूच वर उचलून आमिष हातभर पुढे आणा, काठी खाली आणा, ढील गुंडाळा, पुन्हा पडू द्या. बहुतेक मासे उचलताना नाही, पडताना घेतात. खडी असेल तर बोटाला करकर लागते, चिखलात काहीच लागत नाही, बुडालेल्या फांदीवरून दोर घासत उड्या मारतो. जिथे करकर संपून चिखल सुरू होतो तिथे चार वेळा फेका.

टक आली, की काठी आधी माशाकडे झुकवा, ढील झटकन गुंडाळा, आणि मग कोपरातून जोरात वर. ढील तशीच ठेवून मारलेला झटका फक्त दोराला सरळ करतो.

स्पिनरबेटला आणि क्रँकबेटला एवढा झटका नको, काठी बाजूला खेचून गुंडाळत राहा. बेडकाचं तर उलटंच: पाणी फुटल्याचा आवाज ऐकून हात आपोआप वर जातो आणि बेडूक तुमच्या कपाळावर येतो. एक श्वास थांबा. बेडूक दिसेनासा झाला, दोर पाण्यात जायला लागला, मग सगळ्या ताकदीने.

रंगाचं काय?

स्वच्छ पाणी असेल तर भोपळ्याच्या सालीसारखा हिरवट तपकिरी, गढूळ असेल तर काळा-निळा. संपलं. रंगावर रात्ररात्र वाद घालणारे लोक मला आवडतात, पण त्यांच्याबरोबर मी गरवायला जात नाही.

तळ्यात फेकायचं कुठे?

मध्यभागी नाही. सगळे नवे लोक जितकं लांब जाईल तितकं लांब फेकतात आणि मासा त्यांच्या बुटांपासून चार फुटांवर असतो. काठाला समांतर फेका. पावसाचं पाणी ज्या पाइपातून तळ्यात येतं त्याचं तोंड, लाकडी धक्क्याची सावली, शेवाळ संपतं ती कड, बांधाचे दगड, एकटीच बुडालेली फांदी. जिथे एका गोष्टीची दुसरी गोष्ट होते तिथे बास असतो. आणि काठावर पाय आपटत जाऊ नका, त्याच्या कुशीवर कंपनं टिपणारी रेषा असते, तिच्यातून त्याला ते कळतं.

डॅलसच्या आसपास मार्चमध्ये पाणी १५-१६ अंश सेल्सियसवर गेलं की नर उथळात येतात, शेपटीने तळ झाडून ताटाएवढी गोल जागा करतात, मादी अंडी घालून जाते आणि नर राखण करत बसतो. स्वच्छ पाण्यात ही पांढरी ताटं वरून दिसतात. त्या नराला पकडणं सोपं असतं, कारण तो भुकेने नाही, रागाने तोंड मारतो. कायद्याने मनाई नाही. मी पकडत नाही. तो दोन मिनिटं जरी जागेवरून हलला तरी ब्लूगिल अंड्यांवर तुटून पडतात.

जून ते सप्टेंबर दुपारी घरात बसा. पहाटे उजाडण्याआधी किंवा दिवेलागणीला जा, तेव्हा बेडूक आणि पाण्यावरची आमिषं चालतात. ऑक्टोबरात शॅड नावाच्या चंदेरी माशांच्या झुंडी उथळ खाड्यांत शिरतात आणि बास त्यांच्या मागे. तेव्हा स्पिनरबेट. थंडीत सगळंच हळू होतं: वॅकी गांडूळ, आणि कॉफीचा थर्मास.

पकडलेला मासा हाताळायचा कसा?

हात आधी ओले करा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि जखमांना वाट मिळते. खालचा ओठ अंगठ्याने धरा, दात खरबरीत कानसासारखे असतात, कापत नाहीत. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या. नुसत्या जबड्यावर आडवा वाकवून फोटो काढू नका. फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करा. गळ काढायला लांब चोचीची पक्कड खिशात हवीच, आणि पक्कडीने गळाचा उलटा काटा आधीच दाबून ठेवलात तर माशाचं आणि तुमच्या बोटाचं, दोघांचंही भलं.

आई विचारते, सोडायचाच तर पकडायचा कशाला?

माझीही विचारायची. इथे बास सोडण्याची चाल रुजली ती स्पर्धांमुळे. रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या माणसाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस बासच्या मोठ्या स्पर्धा आणि त्यासाठी संघटना सुरू केली, आणि १९७२ पासून आपल्या स्पर्धांत मासे जिवंत ठेवून परत सोडण्याची मोहीम चालवली. आज बहुतेक हौशी लोक बास सोडतात. टेक्सस सरकार तर १३ पाउंडांवरची मादी जानेवारी ते मार्चमध्ये मिळाली तर पैदाशीसाठी उसनी मागून घेतं, ती योजना १९८६ पासून चालू आहे.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे माशाला नुसता त्रास.” यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्रास कमी करता येतो एवढंच: मजबूत दोर लावून लवकर काढायचा, भर उन्हाळ्यात दुपारी पकडायचाच नाही.

पण खावासा वाटला तर?

नियमात बसत असेल तर खाऊ शकता. चव बेताची, मांस पांढरं, मालवणी मसाला सगळं झाकतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. बास हा तळ्यातला वरच्या पायरीवरचा शिकारी, त्यामुळे मोठ्या माशात पारा साठतो. कॅडो लेकसारख्या ठिकाणी लार्जमाउथ किती खावा याबद्दल राज्याच्या आरोग्य खात्याची सूचनाच आहे. आणि सोसायटीच्या तळ्यात हिरवळीवरची खतं, औषधं वाहून येतात, तिथला कुठलाच मासा मी घरी आणणार नाही. रवा लावून तळायचाच असेल तर शहरातल्या काही तळ्यांत सरकार कॅटफिश सोडतं, तो पकडा. किंवा क्रॅपी, बासच्याच कुळातला छोटा मासा. क्रॅपीपुढे बास काहीच नाही.

साप, मगरी?

कॉटनमाउथ नावाचा विषारी साप पाण्याकाठी असतो, उंच गवतात हात घालू नका. मगरी पूर्व टेक्ससकडे. डॅलसच्या काठावर खरा त्रास लाल मुंग्यांचा. फोटो काढायला गुडघा टेकाल तो नेमका त्यांच्या वारुळावर. बूट घाला, चप्पल नको. आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, अडकलेला गळ सुटला की तो सरळ तोंडाकडे येतो.

सगळ्यात मोठा बास केवढा?

जॉर्ज पेरीने २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकवर २२ पाउंड ४ औंसांचा पकडला, म्हणजे दहा किलोच्या वर. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताला त्याहून किंचित जड मिळाला. पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. टेक्ससचा विक्रम १८.१८ पाउंडांचा, लेक फोर्कवरचा, जानेवारी १९९२ चा. माझा सव्वासहा पाउंडांचा आहे, आणि त्याचा फोटो मागितल्याशिवायही मिळेल.

तुटलेल्या दोराचं काय करायचं?

खिशात घालून घरी न्या, बारीक तुकडे करून टाका. बगळ्यांच्या आणि कासवांच्या पायांत तो अडकतो. काठावर दुसऱ्यांचा पडलेला दिसला तरी उचला.

हे सामान घेऊन भारतात गेलो तर उपयोग होईल का?

होईल, आणि मजा येईल. रबरी बेडूक तर मरळीसाठीच जन्माला आल्यासारखा आहे. मरळ हवा घ्यायला वर येते, तो बुडबुडा बघून त्याच्या थोडं पलीकडे बेडूक टाकायचा आणि शेवाळावरून थांबत थांबत ओढायचा. तिचे दात बासपेक्षा वाईट, ओठ धरायला जाऊ नका. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात, तिथे काठी बाजूला ठेवा. रायगडच्या खाड्यांत जिताड्याला बुडणारी माशाच्या आकाराची ल्युअर चालतात. तांबोशीला पण, फक्त तांबोशी लागली की थेट तिवरांच्या मुळांत घुसते, तेव्हा इथला १० पाउंडी दोर तिथे चालणार नाही. ३० पाउंडी ब्रेड न्या. धरणांत आणि तलावांत मासेमारीचे हक्क बऱ्याचदा सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतात, आधी विचारा.

गळ आणि ल्युअर चेक-इनच्या बॅगेत टाका. काठी दोन तुकड्यांची असेल तर कपड्यांच्या दुकानातून पुठ्ठ्याची जाड नळी मागून घ्या, तागे त्यावर गुंडाळलेले असतात. मी गेल्या खेपेला तशीच नेली. दाभोळला पोचल्यावर रीळ मात्र काढलंच नाही. फळीवरचा तंगूस तर्जनीवर घेतला आणि बसलो.